गिलाव्याच्या आतलं घर

“या सगळ्या निघणार,” टेपवाला म्हणाला, आणि युलाली गिटन्सला आधी वाटलं की हा दुसऱ्याच कुणाच्या तरी खिडक्यांबद्दल बोलतोय. तो तिच्या स्वयंपाकघरात बुटांसकट उभा होता. ओट्यावरची थाइमची कुंडी बाजूला सारून त्याने टेप चौकटीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नेली होती. “अहो, या नव्हेत,” ती म्हणाली, “बाकीच्यांच्या त्या लोखंडी, गंजलेल्या, त्या काढायच्यात. या आमच्या आहेत. माझ्या नवऱ्याने स्वतः बसवल्यात.” तो हसला. चांगलं हसला, कुत्सित नाही, आणि तेच जास्त लागलं. “बाई, तुम्ही लीजवर घेतलंय ना घर? मग गिलाव्याच्या आतलं तेवढं तुमचं. चौकट, काच, भिंत, छप्पर, सगळं कौन्सिलचं. आतून रंग कुठला द्यायचा ते मात्र तुम्ही ठरवा, त्यात कुणी पडणार नाही.” टेप सटकन आत गेली. “आणि धडधाकट खिडक्या काढायचा खर्च?” तिने विचारलं. “तो पत्रात असेल की. तुमचा वाटा म्हणून आकडा आला असेल.” त्याने चौकटीवर पेन्सिलीने एक फुली मारली, चहाला नको म्हणाला, अजून बरेच मजले राहिलेत म्हणाला आणि गेला.

ती फुलीकडे बघत उभी राहिली. ओल्या फडक्याने सहज निघाली असती, पण हात पुढे होईना. फुली मारायला तो घरात आलाच कसा, आणि आपणच दार उघडून, या या करून, त्याला आत घेतलं कसं! तीस वर्षं ती या खिडकीतून लंडनचं हे टोक बघत आली होती. खाली गाड्या लावायची जागा, पलीकडे शाळेचं मैदान, त्याच्या पलीकडे एकामागून एक उठलेल्या उंच इमारती. डार्नलीने या खिडक्या बसवल्या तेव्हा त्यातली एकही नव्हती. ऐन थंडीत बसवल्या होत्या. मापं घेतली, ती चुकली, कारखान्यातल्या जुन्या दोस्तांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, मग पुन्हा घेतली. दोन रात्री भिंतीत नुसती भोकं होती, वर प्लास्टिक ताणलेलं, आणि दोघं ओव्हरकोट घालून झोपली होती. चौकटीच्या कडेने भरलेल्या त्या चिकट पांढऱ्या लगद्याचा आंबूस वास महिनाभर भातालासुद्धा येत होता. पुढे दर शनिवारी तो काचा बाहेरून पुसायचा. चौथ्या मजल्यावर उंबरठ्याएवढ्या कठड्यावर बसून, पाय आत, धड बाहेर. आणि ती त्याचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून डोळे मिटून उभी. “सोडू नकोस हं युला,” तो बाहेरून ओरडायचा, “काचा अर्ध्याच झाल्यात.” त्याला कशाची भीती म्हणून नव्हती. शेवटी इस्पितळात मूत्रपिंडांनी दगा दिला, तेव्हाही नर्सला म्हणाला, तुमच्या खिडक्यांतून वारा येतो, माप चुकलंय. आता कोण कुठला माणूस येऊन सांगतो की ती काच कौन्सिलची. म्हणजे तो दर शनिवारी जीव धोक्यात घालून कौन्सिलची काच पुसत होता, आणि तिच्या मुठीत तो पट्टा तरी कुणाचा होता?

पत्र. पत्र आलं होतं, आणि ते आल्यावर वेदरबी एस्टेट या वसाहतीत तिच्याइतका आनंद कुणालाच झाला नव्हता. कॉर्नफर्थ हाउस या त्यांच्या इमारतीच्या रहिवासी संघाची ती अध्यक्ष. नवं छप्पर, नव्या खिडक्या, भिंतींची डागडुजी, मंजूर, असं पहिल्याच पानावर ठळक अक्षरात वाचल्यावर तिने ते पान तिथल्या तिथे घेऊन खालच्या फलकावर चार टाचण्यांनी लावलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून थांबवून दाखवलं होतं. तिला वाटलं, सगळ्यांना गेलंय तेच पत्र आपल्याला आलंय. बाकीची पानं पाकिटात तशीच राहिली, केळ्यांच्या टोपलीत. कौन्सिलच्या पत्रात पहिल्या पानानंतर काही असतं का कधी? असते ती तक्रार कुठे करायची त्याची माहिती, आणि हेच पत्र अकरा भाषांत हवं असल्यास कळवा. आता तिने पाकीट काढलं. चष्मा लावला. काढून पुसला, पुन्हा लावला. तुमचा अंदाजे वाटा, असं लिहिलं होतं, आणि समोर एकतीस हजार चारशे पौंड.

तिला आधी काहीच झालं नाही. फक्त फ्रिजचा आवाज फार मोठा झाल्यासारखा वाटला. मग ती खुर्चीत बसली, ती बसली की पडली हे तिचं तिलाच कळलं नाही. हे अख्खं घर त्यांनी कौन्सिलकडून एकोणीस हजारांना घेतलं होतं! एकोणीस हजार, त्यातही इतकी वर्षं भाडं भरलं म्हणून मिळालेली सूट धरून, डार्नलीच्या कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा हाती आलेले पैसे ओतून, आणि उरलेलं कर्ज तिने पंधरा वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी मोजून फेडलं होतं. घराला एकोणीस आणि घराच्या खिडक्या-छपराला एकतीस. हे कुठलं गणित? तिने आकडा पुन्हा वाचला. शून्य एखादं जास्त पडलं असेल, कौन्सिलच्या मशीनचा काय भरवसा. पण खाली हिशेब दिला होता, तोही इतका सरळ की त्यात शिरायला फटच नाही. इमारतीत घरं चाळीस. खर्चाचे चाळीस वाटे, घराच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त. त्यातली एकोणतीस घरं अजून भाड्याची, त्यांचे वाटे कौन्सिल स्वतः उचलणार. उरलेली अकरा ज्यांनी विकत घेतली, त्यांचे वाटे त्यांच्या त्यांच्या दारात. तिला वाट्याचं नवल नव्हतं. सर्व्हिस चार्ज ती दर वर्षी भरतच आली होती. जिना झाडायचा, जिन्यातल्या दिव्यांचा, लिफ्टचा, न कापलेल्या गवताच्या कापणीचा. त्या गवतावरून तर तिने एकदा कचेरीत जाऊन असा तमाशा केला होता की बारा पौंड परत घेऊनच घरी आली. वर्षाला दीड हजाराच्या आसपास, कुरकुर करायची आणि भरायचं. पण जिना झाडणारा झाडू आणि अख्ख्या इमारतीचं छप्पर एकाच कलमात बसतं, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या बाईच्या डोक्यावर अजून चार मजले. छप्पर त्यांच्या डोक्यावर. ते आपलं कसं, असं तिला तीस वर्षं वाटत आलं होतं.

सही करायला गेले त्या दिवशी डार्नलीने लग्नाचा कोट घातला होता. वकिलाने भराभरा वाचून दाखवलं आणि दोघांनी देवळात प्रवचन ऐकावं तशा माना डोलावल्या. “एकशे पंचवीस वर्षांचं लीज,” डार्नली बाहेर आल्यावर म्हणाला, “तोवर आपण काही टिकत नाही, मग हरकत काय?” दुसऱ्या दिवशी त्याने दाराला लाल रंग दिला आणि पितळी मूठ लावली. तेव्हा सगळेच तसं करत. जिन्यातून वर येताना कुणी घर घेतलंय आणि कोण भाड्याने राहतंय ते दारावरून कळायचं, कौन्सिलची निळी दारं निळीच. पलीकडच्या निळ्या दारातून ब्रीडा हसली होती. ब्रीडाचा नवरा तेव्हा म्हणाला होता, छप्पर गळतंय या इमारतीचं, गळू दे ज्याचं आहे त्याच्या डोक्यावर, मी नाही विकत घेत गळकं छप्पर. दारू पिऊन बडबडतो मेला, असं त्या दिवशी युलालीने घरात येऊन म्हटलं होतं. तो काय बोलला ते तिला आत्ता, केळ्यांच्या टोपलीसमोर, एवढ्या वर्षांनी ऐकू आलं.

तिच्या बापाचं घर लाकडाचं होतं, बार्बाडोसला, सेंट लूसीत. जमीन मळ्याची, घर बापाचं. मळ्याच्या मॅनेजरशी बापाचं वाजलं, आणि मॅनेजरने शनिवारपर्यंत जागा मोकळी करा म्हणून सांगितलं. शेजारीपाजारी जमले, खिळे सरळ करून डब्यात टाकले, भिंती उतरवल्या, छप्पर उतरवलं, आणि घर ट्रकवर चढलं. तिच्या वाट्याला खिडकीची झडप आली होती. ती तिने डोक्यावर धरून मैलभर नेली, रडत नाही, मिरवत. संध्याकाळी दुसऱ्या मळ्याच्या कडेला तेच घर उभं होतं, तीच खिडकी, फक्त समोर दुसरा ऊस. आई म्हणाली, चूल पेटवा. तेव्हा सहा वर्षांच्या तिला कळलं होतं की जमीन कुणाचीही असो, खिडकी आपली. आणि इथे, एवढ्या मोठ्या देशात, एवढे मोठे वकील, सह्या, शिक्के झाल्यावर आपल्या पदरात काय पडलं, तर गिलाव्याच्या आतली हवा! तिला हसू दाटून आलं. ती पाणी प्यायली. ग्लास ओट्यावर ठेवताना ओट्याकडेही तिने संशयाने पाहिलं, हा तरी आपला ना?

दारावर थाप पडली ती ब्रीडाची. तिची थाप लाटण्यासारखी, दार उघडायच्या आधीच बोलायला सुरुवात. “अगं आला होता का तो तुझ्याकडे? टेपवाला? माझ्याकडे येऊन गेला. म्हणतो, दुहेरी काचा, आवाज नाही, वारा नाही, बुरशी नाही. मी म्हटलं, बाळा, माझा नवरा जायच्या आधी आला असतास तर त्याचं घोरणंही बाहेर ठेवलं असतं.” ती हसत हसत खुर्चीत बसली आणि आपणहूनच किटली लावायला पुन्हा उठली. हे घर तिला स्वतःच्या घरासारखं पाठ होतं. आयर्लंडमधल्या टिपररीतून आलेली, सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण जीभ अजून विशीतली. “नऊ वर्षं, युला! नऊ वर्षं तू त्या लोकांच्या छातीवर बसलीस. मला तर वाटलं होतं आपल्या तिरड्याच निघतील त्या गंजक्या खिडक्यांखालून.” युलालीने पाकीट टोपलीत, केळ्यांखाली सरकवलं. का सरकवलं ते तिला कळेना. “पण काय गं,” ती म्हणाली, आवाज शक्य तितका साधा ठेवून, “आम्हाला, म्हणजे ज्यांनी घरं घेतली त्यांना, काही भरावं लागणार असेल ना?” “लागणारच की,” ब्रीडा कपात साखर घालत म्हणाली, “मालक म्हटल्यावर मालकाचा खर्च. सगळ्यांना माहीत आहे.” “सगळ्यांना?” “अगं बाई, मग? हजार असेल, दोन हजार असेल. तुला काय करायचंय? तू घरमालकीण! उद्या विकलंस तर तीन-चार लाख मोजून घेशील. आम्ही मेलो की किल्ली परत, संपला विषय.” यात विष नव्हतं. विष असतं तर युलालीला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं आपण एकाच जिन्यात, एकाच वासात, एकमेकींच्या पोरांची नाकं पुसत राहिलो, आणि ही मनात आपल्याला तीन-चार लाखांची बाई समजते. मी कुठे जाऊन विकू, ब्रीडा? आणि विकून राहू कुठे, त्या उंच इमारतीत? तिने कप पुढे ओढला. ब्रीडा खुशीत होती. तिच्या झोपायच्या खोलीत भिंतीला काळी बुरशी होती, दर हिवाळ्यात ती पलंग भिंतीपासून लांब ओढायची, आणि आता तो ओढावा लागणार नाही म्हणून नव्या पडद्यांचं बोलत होती. पिवळे घेऊ की फुलांचे? युलाली म्हणाली, पिवळे.

दुपारी तिने कौन्सिलला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकल्यावर डंकन प्रॉथरो म्हणून एक वेल्श माणूस आला, लीजवाल्यांचं काम बघणारा. संध्याकाळच्या सभेला तोच येणार होता. अध्यक्षांशी बोलतोय म्हटल्यावर त्याचा आवाज आणखी गोड झाला. “मिसेस गिटन्स, तुमचं अभिनंदन करायचं राहिलंच. फार चिकाटीने लढलात हो.” तिने खिडक्यांचं विचारलं. तो म्हणाला, कळतं मला, पण बाहेरची चौकट मूळची आमची, तुम्ही बदललीत तीही परवानगीवाचून, त्याबद्दल आम्ही काही म्हणत नाही. आणि काम इमारतीचं, म्हणून वाटा इमारतीचा. तुमच्या खिडक्या कशा आहेत त्याने वाटा बदलत नाही. तीन वर्षांत हप्त्यांनी भरा. तिने मनात भागाकार केला आणि तो पेन्शनीच्या डोक्यावरून गेला. “आणि नाही जमलं तर?” “त्यालाही वाट आहे. तुमच्या वयाच्या लोकांकडून कौन्सिल घर परत विकत घेतं. तुम्ही तिथेच राहायचं, हलायचं नाही, काही नाही. फक्त भाडं भरायचं.” “आणि मग खिडक्या?” “मग खिडक्यांचं तुम्हाला काहीच लागणार नाही,” तो आनंदाने म्हणाला, जणू त्याने तिला काही भेट दिली होती. म्हणजे डार्नलीचा कोट, पितळी मूठ, पंधरा वर्षांच्या चादरी, हे सगळं पुसून पुन्हा निळं दार. कुणी तिला घराबाहेर काढणार नव्हतं. तिला तिच्याच घरात ठेवून तिच्या पायाखालून घर काढून घेणार होते. ती म्हणाली, “हे थांबवता येतं का?” “हरकत नोंदवता येते. आज शेवटचा दिवस. लेखी द्या, नाहीतर संध्याकाळी सभेत सांगा. प्रत्येक हरकत आम्ही विचारात घेतो.” विचारात घेतो. फोन ठेवल्यावर ती हे दोन शब्द पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिली.

कुणाविरुद्ध हरकत घ्यायची? अर्ज तिने लिहिला होता. सह्या तिने गोळा केल्या होत्या, लिफ्ट बंद असताना आठही मजले चढून. कौन्सिलच्या लोकांना घरात नेऊन, भिंतीवर हात ठेवायला लावून, हा हात तुमच्या लेकराच्या छातीवर ठेवा म्हणाली होती, आणि एक नगरसेवक खरंच ओशाळला होता. तिच्या स्वतःच्या घरात बुरशी नव्हती. डार्नलीच्या खिडक्या घट्ट होत्या. ती लढली ती इतरांसाठी, आणि मनातल्या मनात तिला त्याचा जरासा अभिमानही होता, म्हणजे जरासा कसला, चांगलाच होता. माझ्या घरात सगळं ठीक आहे, तरी बघा मी किती करते. घ्या आता. आपल्याच पायावर धोंडा मारायचा म्हणजे किती नेमका मारावा! तिला घाम फुटला. खिडकी उघडायला ती उठली आणि मधेच थांबली. उघडायलाही आता विचारावं लागेल का कुणाला?

सभेला निघताना जिन्यात खालच्या मजल्यावरची हिबाक भेटली, कडेवर मुलगी. मुलगी दिसायच्या आधी तिचा खोकला ऐकू येतो. “आंटी,” हिबाकने तिचा हात धरला, “डॉक्टर म्हणाले, घर कोरडं झालं की हिचा दम्याचा पंप कमी करता येईल. तुमच्यामुळे होतंय हे. मी रोज तुमच्यासाठी दुआ मागते.” युलालीने मुलीच्या गालाला हात लावला. मुलगी तापलेली नव्हती, नुसती थकलेली होती. तेव्हा तिने पक्कं ठरवलं की सभेत आपण काही बोलायचं नाही. अध्यक्षाने सभा चालवायची, आभार मानायचे, घरी यायचं, आणि मग जे होईल ते होईल, देव बघेल. जिना उतरेपर्यंत हा निश्चय टिकला. हॉलच्या दारात तो होता. खुर्चीत बसेपर्यंतही होता.

हॉलमध्ये पस्तीसएक माणसं होती. लीजवाल्यांपैकी तिच्याशिवाय कुणीच दिसेना. उरलेल्या दहापैकी बहुतेकांनी घरं भाड्याने देऊन टाकली होती आणि ते कुठे कुठे राहत होते, त्यांना ही इमारत म्हणजे महिन्याचा एक आकडा. ब्रीडा चहाच्या पिंपाशी. डंकन प्रॉथरो तरुण निघाला, कानाशी लाल झालेला, सूट नवा. त्याने पडद्यावर नव्या खिडकीचं चित्र दाखवलं आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली. किती दिवस चालेल, आवाज कुठल्या वेळात होईल, पडदे काढून ठेवा, मांजरं आत ठेवा. लोक हसत होते. युलालीला त्यांचे चेहरे नेहमीपेक्षा जास्त जवळ दिसत होते, एकेकाच्या दातातली फट, एकीच्या कानातला डूल. हे सगळे माझेच लोक आहेत, तिने स्वतःला सांगितलं. आणि या सगळ्यांच्या खिडक्या फुकट आहेत, हेही तिने स्वतःला सांगितलं, त्याच दमात, आणि ते मनात आल्याबरोबर तिला स्वतःची किळस आली. “हरकती असतील तर आज शेवटचा दिवस,” डंकन म्हणाला, सहज, कागद आवरता आवरता. “काही नसेलच म्हणा.”

ती उभी राहिली. आपण उभ्या आहोत हे तिला समोरच्यांच्या नजरांवरून कळलं. “माझी आहे,” ती म्हणाली. कुणीतरी हसलं, त्यांना वाटलं मिसेस गिटन्स थट्टा करताहेत. “या कामाला माझी हरकत आहे. खिडक्या बदलायची गरज नाही. दुरुस्त करता येतात. छप्पर जिथे गळतं तिथे लिंपता येतं. घाई कसली आहे? नऊ वर्षं थांबलो तर अजून थोडं थांबू. पुन्हा अंदाज काढा, स्वस्तातला काढा, आणि तोवर थांबवा.” आवाज तिचाच होता, तोच, कौन्सिलला धारेवर धरणारा, आणि तो याच लोकांवर धरलेला ऐकून ती स्वतःच हबकली. आकडा तिने सांगितला नाही. सांगितला असता तर हॉल कळवळला असता, आणि तिला कळवळा नको होता, किंवा हवा होता आणि मागवत नव्हता. मग हिबाकच्या मुलीचा खोकला. तो लवकर थांबेना. हिबाक तिच्या पाठीवरून हात फिरवत युलालीकडे बघत होती. रागाने नाही, आपल्याला इंग्रजी नीट समजलं नाही की काय, अशी.

“आभारी आहे,” डंकन म्हणाला. त्याने खरंच लिहून घेतलं. “तुमची हरकत नोंदवली, आणि ती आम्ही विचारात घेऊ.” “म्हणजे काम थांबणार?” मागून एक बाप्या ताडकन उभा राहिला. “छे छे,” डंकन घाईने म्हणाला, “थांबणार नाही. हरकती ऐकणं आमच्यावर बंधनकारक आहे, मानणं नाही. कंत्राटदार केव्हाच ठरलाय. सोमवारी परांच्या उभ्या राहतील.” हॉलने सुस्कारा सोडला. एखादी जड ट्रंक जमिनीवर ठेवावी तसा आवाज झाला. युलाली अजून उभीच होती. एवढंच? म्हणजे ती बोलली नसती तरी सोमवार, आणि बोलली तरी सोमवार. इतक्या वर्षांत जोडलेलं सगळं तिने एका मिनिटात उधळलं, आणि त्याने एका खिडकीचा स्क्रूही हलला नाही. तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. डोकं सुन्न, आणि हातात काय धरायचं ते कळेना.

सभा संपली असं म्हणायचं काम अध्यक्षाचं. ती ते म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात पिंपाशेजारच्या टेबलामागून ब्रीडा पुढे आली, हातात भला मोठा फुलांचा गुच्छ, पिवळे गुलाब आणि कसली तरी पांढरी फुलं, सेलोफेन चुरचुरत. हे आधीपासून ठरलेलं होतं. ते आता रद्द कसं करायचं हे कुणालाच सुचलं नव्हतं, म्हणून ते होत होतं. ब्रीडा तिच्यासमोर येऊन थांबली. तिचा चेहरा पडला होता. “भाषण होतं माझं,” ती हळू म्हणाली, “ते राहू दे.” मग आणखी हळू, ओठ न हलवता, “किती आलंय गं?” “एकतीस.” “शे?” “हजार.” ब्रीडाने गुच्छ खाली केला. “देवा रे,” ती म्हणाली. “अगं भवाने, मग सकाळी माझ्यासमोर बसून चहा ढोसलास तेव्हा का नाही बोललीस?” “तू पडद्यांचं बोलत होतीस,” युलाली म्हणाली. ब्रीडाचे डोळे भरून आले आणि त्याच डोळ्यांनी ती रागावली. “घे,” तिने फुलं तिच्या छातीशी ढकलली. “सगळ्यांनी वर्गणी काढलीय. दारामागे दोन पौंड.” तेव्हा युलालीला आठवलं की गेल्या आठवड्यात ब्रीडाने तिच्याकडूनही दोन पौंड नेले होते, कशाला ते न सांगता. प्रत्येक दाराचा वाटा. तिच्या तोंडून एक हुंकार बाहेर पडला, तो हसण्याचा होता की कशाचा ते पहिल्या रांगेतल्यांनाही कळलं नाही.

मग टाळ्या. आधी एकाच ठिकाणी, हिबाकच्या, मुलीला मांडीवर सावरत वाजवलेल्या, अर्धवट. मग इथे तिथे, मग सगळीकडे. जोरात नाही, पण थांबतही नव्हत्या. कशासाठी वाजवताहेत हे? नऊ वर्षांसाठी, की ती हरली म्हणून, की काहीतरी करायला हवं म्हणून? तिला एकेकाचा चेहरा बघवेना. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. फुलांचा ओला देठ सेलोफेनमधून तिच्या मनगटावर गळत होता. डंकन प्रॉथरो टाळ्या संपायची वाट बघत शेजारी येऊन उभा राहिला होता, पेन उघडं, कान अजून लाल. तो चांगला मुलगा होता, तिला सोडवायला बघत होता. “मिसेस गिटन्स,” तो वाकून म्हणाला, “तुमची ती हरकत… मागे घ्यायची असेल तर आत्ताच खोडतो. कुठे राहणार नाही. म्हणजे बोलण्याच्या भरात माणूस बोलतो कधी कधी.” ब्रीडा बघत होती. हिबाक बघत होती. युलालीने फुलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“नाही,” ती म्हणाली. “खोडू नकोस. लिहिलंयस तसं राहू दे, आणि खाली माझं नाव घाल. पूर्ण नाव.”